‘बाई, टीव्हीवर तसंच लिहिलं होतं!’



परिपाठातला सगळ्यात सोपा भाग कोणता, असं विचारलं तर मी सुविचार म्हणेन. फळ्यावर लिहिला, मुलांनी मागोमाग म्हटला, झालं. दिनविशेष पुस्तकात छापलेले मिळतात. बोधकथा तर मुलांना तोंडपाठ असतात. अवघड जातात त्या बातम्या. राष्ट्रगीतापासून पसायदानापर्यंत सगळं आधी ठरलेलं असतं. बातमी मात्र रोज नवी असते आणि ती मूल घरून घेऊन येतं. ती खरी आहे का, पहिलीतल्या लेकरांसमोर वाचण्यासारखी आहे का, हे ठरवायला आपल्याला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथीचे वर्ग. डी.एड.ला असताना परिपाठाचं टाचण काढायचो, त्यात ‘वर्तमानपत्रातील ठळक बातम्या’ असा एक रकाना असायचा. आमच्या वाडीत वर्तमानपत्र येतं ते एकाच किराणा दुकानात, तेही दुपारच्या एसटीने. त्यामुळे आमच्या मुलांच्या बातम्या सकाळच्या टीव्हीवरून येतात. गेल्या वर्षभरात या बातम्यांनी मला बराच विचार करायला लावला. तो तुमच्यासमोर मांडते.

वाचायला शिकलेलं मूल आणि लाल पट्टी

सकाळचं घर डोळ्यांसमोर आणा. आई डब्याच्या गडबडीत. वडील धार काढून डेअरीला दूध घालायला गेलेले. आजोबा चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर. मूल चहात बटर बुडवत बसलेलं. टीव्ही खरं तर कुणीच बघत नसतं, पण तो चालू असतो. खालून लाल पट्टी धावते, मागे ढोल बडवल्यासारखं संगीत, आणि एका चौकटीत कुठल्या तरी अपघाताचं तेच दृश्य पुन्हा पुन्हा.

मोठ्या माणसांना याची सवय झालेली असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. ते नुकतंच भरभर वाचायला लागलेलं असतं आणि दिसेल ते अक्षर वाचतं. बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, टीव्हीची पट्टी, सगळं. आपल्यालाही त्याचं कौतुकच असतं. शिवाय पहिलीपासून आपण त्याला काय शिकवलं? पुस्तकात लिहिलंय ते खरं. बाईंनी फळ्यावर लिहिलंय ते खरं, उतरवून घ्या. मग टीव्हीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं खोटं असू शकतं, हे त्याला सुचणार तरी कसं?

मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने परिपाठात एक नेता दुसऱ्या नेत्याला काय म्हणाला ते शब्दशः वाचून दाखवलं. तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. मी थांबवलं तर म्हणाला, ‘बाई, टीव्हीत चालतं की!’ मला आधी हसू आलं, पण पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मैदानावरच्या भांडणात त्याने तोच शब्द काढला तर मी त्याला समज देते. आणि सकाळी सातपासून तोच शब्द दहा वेळा ऐकवला जातो, तेव्हा त्याला महत्त्वाची बातमी म्हणतात.

टीव्हीवर सगळं वाईटच असतं असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात रेड अलर्ट लागला, जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली, घाटात दरड कोसळली, हे आम्हाला आधी टीव्हीवरूनच कळतं. म्हणून तर टीव्हीवरची चूक महागात पडते. ज्याच्यावर भरवसा असतो त्याचीच चूक लागते.

मे महिन्यातला भोंगा

२०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं, तेव्हा शाळांना सुट्टी होती. एका सकाळी माझ्या वर्गातल्या मुलाच्या आईचा फोन आला. तिचे मिस्टर सैन्यात आहेत. सातारा जिल्ह्यात अशी घरं गावोगाव आहेत. ती म्हणाली, ‘बाई, यांचा फोन लागत नाही. टीव्हीत सारखा भोंगा वाजतोय. पोरगं कॉटखाली जाऊन बसलंय, बाहेर यायला तयार नाही.’

भोंगा कुठे वाजत होता? आमच्या गावात नाही, साताऱ्यात नाही. तो स्टुडिओत वाजत होता. हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज बातम्यांना पार्श्वसंगीत म्हणून लावला होता. ८ मेच्या रात्री तर काही वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याचंही सांगून टाकलं. तसं काही झालेलं नव्हतं. नकाशे, बाण, स्फोटाची चित्रं असं सगळं होतं, फक्त बातमी खरी नव्हती.

१० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या नागरी संरक्षण विभागाने सर्व माध्यमांना लेखी सांगितलं की, जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नका. कारण साधं होतं. सायरन रोज टीव्हीत ऐकला तर खऱ्या सायरनच्या वेळी लोक जागचे हलणार नाहीत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण परिपाठात सांगतो, तीच ही. सरकारला ती वृत्तवाहिन्यांना सांगावी लागली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी कमांडोंची कारवाई थेट दाखवली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात त्याबद्दल कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची, असं त्यात आलं. म्हणजे नियम नव्हते असं नाही.

त्या आईला मी एवढंच सुचवलं की टीव्ही बंद ठेवा. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री, कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांची अधिकृत पत्रकार परिषद असेल तेवढीच लावा, आणि ती मुलाला शेजारी बसवून बघा. त्या पत्रकार परिषदेत कुणी ओरडत नव्हतं, मागे संगीत नव्हतं. दोन दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन लागला. पुढे शाळा सुरू झाल्यावर तो मुलगा मला म्हणाला, ‘बाई, त्या मॅडम हळू बोलतात, म्हणून मला भीती नाही वाटली.’

११ नोव्हेंबरचा परिपाठ

त्या मंगळवारी चौथीतल्या एका मुलाची बातम्यांची पाळी होती. (या लेखात मी कुठल्याच मुलाचं नाव लिहिलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.) आदल्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला होता. ती बातमी त्याने पहिली लिहिली होती. दुसरी बातमी होती, ‘ज्येष्ठ अभिनेते धर्मेंद्र यांचे निधन.’ त्याचे आजोबा ‘शोले’चे भक्त. पट्टी आल्यावर ते चहा तसाच ठेवून उठून बाहेर गेले होते म्हणे. मुलाने ती पट्टी जशीच्या तशी वहीत उतरवली होती. ‘निधन’मधली ऱ्हस्व वेलांटीसुद्धा बरोबर.

त्याने खणखणीत आवाजात वाचलं. लगेच शाळेजवळ राहणारी एक मुलगी उभी राहिली. ‘बाई, खोटंय ते. त्यांच्या मुलीने सांगितलंय, ते बरे आहेत.’ झालं, रांगेत हशा. कुणीतरी ‘खोटारडा’ म्हणालं. मुलाचा चेहरा पडला. ‘बाई, टीव्हीवर तसंच लिहिलं होतं! मी माझ्या मनाचं नाही लिहिलं.’

ती मुलगी बरोबर होती. धर्मेंद्र तेव्हा मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात उपचार घेत होते. सकाळी अनेक वाहिन्यांनी त्यांच्या निधनाची बातमी दिली आणि त्यांची मुलगी ईशा देओल यांना समाजमाध्यमावर ती नाकारावी लागली. उपचारांना प्रतिसाद देणाऱ्या माणसाबद्दल असं पसरवणं अक्षम्य आहे, अशा शब्दांत हेमा मालिनी यांनी संताप व्यक्त केला. पण साडेआठला टीव्ही बघून, दप्तर भरून, चालत शाळेत आलेल्या मुलाच्या वहीत सकाळचीच बातमी राहिली होती.

परिपाठ पुढे न्यायच्या आधी मी ती बातमी फळ्यावर लिहिली. खाली लिहिलं, ‘सकाळी पाहिली.’ मग लाल खडूने त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘धर्मेंद्र रुग्णालयात आहेत, उपचार चालू आहेत. त्यांच्या मुलीने सांगितले.’ मुलांना म्हटलं, वहीत चूक झाली की आपण काय करतो? पान फाडतो का? नाही. रेघ मारतो आणि शेजारी बरोबर लिहितो. चूक काय होती आणि बरोबर काय आहे, दोन्ही दिसलं पाहिजे. हा खोटं बोललेला नाही. त्याला चुकीचं सांगितलं गेलं.

घरचा अभ्यास दिला : ज्या वाहिनीवर ती बातमी पाहिली, तिने आज संध्याकाळी ‘आमचं चुकलं’ असं सांगितलं का, ते बघून या. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाने हात वर केला. ‘बाई, त्यांनी पुसलं. खोडलं नाही.’

त्याच्या वाक्यात सगळं आलं. त्याच्या घरी लागणाऱ्या वाहिनीवर सकाळची पट्टी गायब होती आणि प्रकृतीची बातमी चालू होती, जणू सकाळी काही झालंच नाही. वृत्तवाहिन्यांच्या ‘न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन’ या संघटनेच्या आचारसंहितेतच लिहिलेलं आहे की, चुकीची माहिती गेली तर ती लवकरात लवकर आणि ठळकपणे दुरुस्त करावी. ठळकपणे, हा शब्द महत्त्वाचा. निधनाची पट्टी पडदाभर असेल तर दुरुस्तीही तेवढीच मोठी हवी. वर्तमानपत्रात कोपऱ्यात का होईना, चुकीची दुरुस्ती छापून येते आणि ती कात्रण म्हणून शिल्लक राहते. टीव्हीवर पट्टी गेली की गेली.

पुढे २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र खरोखरच गेले. ८ डिसेंबरला त्यांना ९० वर्षं पूर्ण झाली असती. दुसऱ्या दिवशी परिपाठाला तोच मुलगा स्वतःहून पुढे आला. त्याने बातमी वाचली आणि शेवटी आपणहून जोडलं, ‘ही बातमी मी दोन ठिकाणी बघितली आहे.’ या वेळी कुणी हसलं नाही.

दाराचा पडदा

त्याच दिवसांत धर्मेंद्र यांना घरी नेल्यावर बाहेर कॅमेरेवाल्यांची गर्दी झाली होती. सनी देओल हात जोडून बाहेर आले आणि चिडून, तुमच्याही घरी आई-वडील आहेत की नाही, अशा अर्थाचं बोलले. हे दृश्यही मुलांनी सकाळच्या टीव्हीवर पाहिलं. मी वर्गात विचारलं, ते का चिडले असतील?

उत्तरं येत गेली. एक म्हणाला, त्यांना फोटो नको होता. एक म्हणाली, वडील आजारी होते म्हणून. मग तिसरीतली एक अगदी अबोल मुलगी म्हणाली, ‘आमची आजी आजारी होती तेव्हा आईने दाराला पडदा लावला होता. लोक यायचे, बघून जायचे. आजीला नाही आवडायचं.’

खासगीपणा हा शब्द तिसरीच्या पुस्तकात नाही, पण त्या मुलीला तो कळलेला आहे. दरड कोसळून घरदार गेलेल्या माणसाच्या तोंडापुढे माइक धरून ‘आता काय वाटतंय?’ विचारणाऱ्याला हा पडदा दिसत नाही, एवढाच फरक.

आता मुलांच्या नावाबद्दल. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या, तसंच काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाचं नाव, पत्ता, शाळा, किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांना प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोक्सो कायद्याचं कलम २३ ही अशीच बंदी घालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची बातमी दिवसरात्र टीव्हीवर होती. त्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीने मला विचारलं, ‘बाई, त्या मुली आता शाळेत जातात का?’ मोठी माणसं कोण, कुठली, कुणाची असं विचारत होती. त्या लेकराला त्या मुलींच्या शाळेची काळजी होती.

माझ्या वर्गातल्या मुलांवर असं कुठलंही संकट नाही, कायदा इथे लागू होत नाही. तरीही कॉटखाली बसलेला मुलगा किंवा रांगेत रडवेला झालेला मुलगा पुढे मोठा होईल. त्याचं नाव त्या प्रसंगाशी जोडून ठेवायचा हक्क मला नाही, असं मला वाटतं.

इथे आपणा शिक्षकांनाही थोडं थांबून बघायला हवं. पहिल्या दिवशी रडणाऱ्या पहिलीच्या मुलाचा व्हिडिओ, पाढा चुकल्यावर गोंधळलेल्या मुलीची रील, गणवेश वाटताना ‘गरीब विद्यार्थ्यांना मदत’ असा मथळा आणि खाली रांगेत उभी केलेली लेकरं... हे टीव्हीवाल्यांनी केलेलं नाही. ग्रुपवर, स्टेटसवर आपल्यातलेच कुणीतरी टाकतात. आपल्या हातातला मोबाइल ही पण एक छोटी वाहिनीच आहे.

वर्गात काय करता येतं?

आमच्या शाळेत आम्ही सुरू केलेल्या गोष्टी सांगते. खर्च काही नाही, फळा आणि खडू पुरतो.

१. बातमी वाचताना मूल तीन गोष्टी सांगतं : कुठे पाहिली, किती वाजता पाहिली, आणि कोणी सांगितली. ‘टीव्हीने सांगितलं’ चालत नाही. पोलिसांनी, डॉक्टरांनी, कलेक्टर साहेबांनी, घरच्यांनी, असा माणूस सांगावा लागतो. सापडला नाही तर ‘कोणी सांगितले ते कळले नाही’ असं म्हणायचं.

२. बातम्यांनंतर ‘कालची दुरुस्ती’. काल वाचलेल्या बातमीत काही बदललं असेल तर ते आज सांगायचं. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच काही निघतं, पण विचारतो मात्र रोज. दुरुस्ती आणणाऱ्यासाठी टाळ्या वाजतात, बातमी आणणाऱ्यासाठी नाही.

३. मृत्यू आणि अपघाताची बातमी मूल थेट वाचत नाही, आधी मला दाखवतं. लहान मुलांवरच्या अत्याचाराची बातमी परिपाठात घ्यायची नाही. प्रश्न आले तर वर्गात शांतपणे बोलायचं.

४. महिन्यातून एकदा चौथीची मुलं एकच बातमी दोन तऱ्हेने लिहितात. एकदा पट्टीसारखी, एकदा साध्या वाक्यात. ‘गावात खळबळ! बिबट्याचा थरार!’ आणि ‘काल संध्याकाळी ओढ्याजवळ बिबट्या दिसला, वनविभागाला कळवले आहे.’ मग विचारायचं, कुठल्या वाक्याने तुम्ही सावध व्हाल आणि कुठल्या वाक्याने नुसते घाबराल? भाषेचा हा छान उपक्रम आहे. विशेषणं आणि उद्गारचिन्हं आपोआप शिकवून होतात.

पालकांसाठी

सकाळी टीव्ही लावूच नका, असं सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे. आजोबांची ती वेळ असते. पण मुलं जेवत-खात असताना आवाज बंद ठेवता येतो. मुलाने काही विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ असं म्हणून गप्प बसवू नका. ते तोच प्रश्न मग दुसऱ्या मुलाला विचारतं, आणि त्याला मिळणारं उत्तर टीव्हीपेक्षाही भयंकर असतं.

आणि एखादी बातमी उघडउघड चुकीची किंवा लहानांसाठी घातक वाटली, तर तक्रार करता येते. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार आधी थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे, आणि त्यापुढे केंद्र सरकारकडे जाता येतं. तारीख, वेळ, वाहिनी आणि काय दाखवलं, एवढं नीट लिहायचं. अर्जलेखन आपण शिकवतोच. यंदा वरच्या वर्गांना रजेच्या अर्जासोबत असा एक अर्जही लिहायला देऊन बघा.

६ जानेवारीचा दिवस घ्या. १८३२ साली या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून आपण तो पत्रकार दिन म्हणून साजरा करतो. जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते, म्हणजे आपल्याच व्यवसायातले. त्या दिवशी फोटोला हार घालून भाषण झालं की तेवढ्यावर थांबू नका. त्या सकाळी टीव्हीवर दिसलेली एक बातमी मुलांना लिहून आणायला सांगा. संध्याकाळी शाळा सुटताना ती तशीच राहिली आहे का, ते सगळे मिळून तपासा. बदलली असेल तर लाल खडू घ्या. पुसू नका, खोडा, आणि शेजारी बरोबर ते लिहा.

तुमच्या वर्गात काय निघालं, ते जरूर कळवा.